माईआत्याचा क्लिक थ्री



परवा पुतणीचा फोन आला. "आत्या, बाबांना पंच्याहत्तरीला कॅमेरा द्यायचाय. पंधरा हजारांच्या वर जाता येणार नाही. काय घेऊ?" मला हसू आलं. तिच्या बाबांनी, म्हणजे माझ्या दादाने, सत्तेचाळीस वर्षांपूर्वी मला हाच प्रश्न विचारला होता. तेव्हा मर्यादा शंभर रुपयांची होती. तो कॅमेरा अजून माझ्या कपाटात आहे. त्याची गोष्ट आमच्या घराची आहे, तशी थोडी बडोद्याचीही आहे. म्हणून इथे सविस्तर लिहिते. लांब झालं तर सांभाळून घ्या.

साल 1977. आम्ही दांडिया बाजारच्या मागच्या एका जुन्या वाड्यात भाड्याने राहायचो. खाली दोन खोल्या, वर एक, पुढे ओटा. नाना, आई, दादा, ताई, मी आणि माईआत्या. माईआत्या नानांची थोरली बहीण. लग्नानंतर चौथ्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली, ट्रेनिंग करून शिक्षिका झाली आणि मराठी शाळेत तीसेक वर्षं शिकवलं. सयाजीराव महाराजांनी 1906 साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्याचा लाभ मिळालेल्या मुलींपैकी ती एक. "महाराजांनी शाळेत घातलं म्हणून मी भाकरीला लागले," असं ती नेहमी म्हणायची. त्या वर्षी ती अठ्ठावन्नची झाली आणि निवृत्त होणार होती.

तिला काय द्यायचं यावर घरात मसलत सुरू झाली. नानांचं म्हणणं सरळ होतं, शाल-श्रीफळ द्या, आणि तिला चांगल्या स्टुडिओत नेऊन एक मोठा फोटो काढून फ्रेम करून द्या. "आयुष्यभर भिंतीवर राहील." ताई म्हणाली, घड्याळ द्या. आई मात्र भाजी चिरता चिरता म्हणाली, "वन्संना कॅमेरा द्या."

सगळे आईकडे बघायला लागले. आमच्या ओळखीत कॅमेरा असलेलं एकच घर होतं, तेही आफ्रिकेतून परत आलेल्या गुजराती शेजाऱ्यांचं. आई म्हणाली, "मागच्या पितृपक्षात त्या काय म्हणाल्या, आठवतं का? पान वाढताना म्हणाल्या, वहिनी, आईचा चेहरा आता मला डोळ्यांपुढे आणता येत नाही. हात आठवतात, बांगड्या आठवतात, चेहरा पुसून गेलाय."

माझी आजी 1934 साली गेली. माईआत्या तेव्हा पंधराची, नाना दहाचे. आजीचा एकही फोटो नव्हता. आजोबांचा होता, कचेरीतल्या कारकुनांच्या गटात मागच्या रांगेतला, पगडीतला, नखाएवढा चेहरा. आजीचा नाहीच. नाना म्हणाले, "आईला भीती वाटायची. फोटो काढला की आयुष्य घटतं म्हणायची. तेव्हाच्या बायका अशाच."

हे आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. आणि बडोद्यात ही भीती खरोखरच होती, याला चांगला पुरावाही आहे. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब, 1890 साली थोरल्या भावाबरोबर बडोद्याला आले आणि त्याच वर्षी निघालेल्या कलाभवनात शिकू लागले. प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांनी त्यांना तिथला फोटोचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरू दिली. 1892 च्या अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली, तिला सुवर्णपदक मिळालं, आणि त्यांचं काम पाहून खूश झालेल्या एका चाहत्याने त्यांना महागडा कॅमेरा भेट दिला. मंडळी, भारतीय सिनेमाच्या जनकाच्या हाती असा एक भेटीचा कॅमेरा आला होता, हे मला फार आवडतं. पुढे गोध्र्याला त्यांनी फोटोचा धंदा मांडला. तिथे प्लेगमध्ये बायको आणि मूल गेलं. बडोद्याला परत येऊन पुन्हा धंदा सुरू केला, पण चालेना. कारण लोकांत समज पसरला होता की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस लवकर मरतो. संस्थानच्या राजपुत्रालाही तसं वाटायचं, त्याची समजूत काढावी लागली, असं त्यांच्या चरित्रात सांगतात.

तेव्हा नानांचं म्हणणं आम्हाला पटलेलं होतं. बडोद्यातल्या शिकल्यासवरल्या लोकांना जर भीती वाटायची, तर आमच्या आजीला वाटली त्यात नवल काय. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचंय.

तर कॅमेरा द्यायचं ठरलं. पैसे जमवले ते असे: दादा नुकताच कारखान्यात अ‍ॅप्रेंटिस लागला होता, त्याने 50 दिले. ताईने शिकवणीच्या पैशांतले 25. आईने घरखर्चातून वाचवलेले 20. माझे भाऊबिजेचे 5. एकूण 100. नाना म्हणाले, "खेळणं आहे ते. मी काही देणार नाही."

आता शंभर रुपयांत काय येतं? तेव्हा परदेशी मालाच्या आयातीवर कडक बंधनं होती. याशिका, रोलिकॉर्ड ही नावं आम्हाला लग्नातल्या फोटोग्राफरच्या गळ्यात बघून ठाऊक होती. ते कॅमेरे आमच्यासाठी नव्हतेच. दादा शुक्रवारीत गेला. शुक्रवारी म्हणजे आमच्याकडचा जुन्या सामानाचा बाजार. तिथे त्याला जुना घडीचा कोडॅक मिळाला. झाकण उघडलं की पुढे काळा भाता बाहेर यायचा. इतका देखणा, की दादा हरखून गेला. विकणारा सत्तर मागत होता, पंचावन्नला तयार झाला. दादाने पाच रुपये बयाणा देऊन दोन दिवसांची मुदत घेतली आणि आम्ही दोघं रावपुऱ्यातल्या एका स्टुडिओवाल्या काकांकडे सल्ला विचारायला गेलो.

काका मराठीच, पण बोलता बोलता गुजरातीत शिरायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रोल कुठला लागतो त्याला?" दादाला माहीत नव्हतं. "मग जा आणि मागचं झाकण उघडून वाच. सहाशेवीस लिहिलं असेल तर सोडून दे." आम्ही पुन्हा शुक्रवारीत. खरंच 620 कोरलेलं होतं. काकांनी मग समजावलं. कोडॅकच्या पुष्कळ जुन्या कॅमेऱ्यांना 620 चा रोल लागतो. त्याची फिल्म 120 च्या रोलइतकीच रुंद, पण रीळ बारीक. आपल्याकडे दुकानात मिळतो तो 120, तो त्यात नीट बसत नाही. रीळ बदलून अंधारात फिल्म गुंडाळणारे कलाकार असतात, पण शाळेतून निवृत्त झालेल्या बाईने ते करायचं का? आणि दुसरं, भाता. अंधाऱ्या खोलीत आत दिवा धरून भाता बाहेरून बघायचा. घड्यांच्या कोपऱ्यांत चांदण्या दिसल्या की समजायचं, प्रत्येक फोटोवर पांढरा डाग.

पाच रुपये बुडाले. मला वाटलं माझेच बुडाले.

काकांनी मग दोन नवे कॅमेरे काउंटरवर ठेवले. दोन्ही आग्फाचे. एक आयसोली, त्यात उजेडाप्रमाणे आणि अंतराप्रमाणे फिरवायच्या खुणा होत्या, आणि एका रोलमध्ये सोळा फोटो. दुसरा क्लिक थ्री. काळा, हाताला हलका. ऊन आणि ढग एवढीच निवड. अंतर लावायची भानगड नाही, चार-पाच पावलं लांब उभं राहायचं, ऊन पाठीमागे घ्यायचं, श्वास धरून खटका दाबायचा. एका रोलमध्ये बारा फोटो, चौकोनी.

दादाला आयसोली हवा होता. त्याचा हिशेब बरोबर होता: बारापेक्षा सोळा जास्त, म्हणजे फोटो स्वस्त पडतो. काका म्हणाले, "फोटो स्वस्त पडतो, पण लहान पडतो. चार सेंटीमीटरचा. मोठा करून घ्यायलाच लागतो, त्याचे पैसे वेगळे. क्लिकचा सहा सेंटीमीटरचा. निगेटिव्ह कागदावर ठेवून तशीच छापली तरी चेहरा ओळखू येतो." मग जे म्हणाले ते मी आजवर विसरले नाही. "द्यायचा कोणाला आहे, त्याचे हात आणि डोळे बघा. तुमच्या आत्याचा चष्मा जाड आहे. खुणा वाचायला लावाल तर कॅमेरा कपाटात राहील. आणि सगळे पैसे कॅमेऱ्यात घालू नका. कॅमेरा एकदा घ्यायचा असतो, रोल कायम घ्यायचा असतो."

हे तत्त्व काकांचं नव्हे, कोडॅक कंपनीचं, हे मला पुष्कळ नंतर वाचून कळलं. 1900 साली त्यांनी अमेरिकेत ब्राउनी नावाचा पुठ्ठ्याचा डबा-कॅमेरा एक डॉलरला काढला. कॅमेरा स्वस्त, कमाई फिल्मवर. त्यामुळे फोटो पहिल्यांदा सामान्य घरांत शिरला. आपल्याकडे मात्र तो शिरायला आणखी साठेक वर्षं लागली. त्याआधीचं आपल्याकडचं फोटोचं वैभव दरबारी. इंदूरला सरकारी नोकरीत असताना 1874 च्या सुमारास लाला दीनदयाळ यांनी कॅमेरा हाती घेतला, पुढे हैदराबादच्या निजामांनी त्यांना राजा ही पदवी दिली, आणि 1892 साली त्यांनी तिथे फक्त स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला, जिथे फोटो काढणारीही बाईच होती. म्हणजे घराण्यांतल्या स्त्रियांचे चेहरे राहिले. कारकुनाच्या बायकोचा चेहरा राहिला नाही.

क्लिक थ्री ज्या दिवशी हातात घेतला, त्या दिवशी दादाने तो उलटापालटा करून पाहिला आणि ओरडला, "अरे, हा तर आपल्या गावचा!" बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं न्यू इंडिया इंडस्ट्रीज, बडोदे. जर्मन आग्फाचा नमुना, पण तयार होणार आमच्याच शहरात. ज्या गावात एके काळी फाळक्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसायला लोक घाबरायचे, त्याच गावात आता देशभरच्या घरांसाठी कॅमेरे बनत होते. नानांना हे सांगितल्यावर ते काही बोलले नाहीत, पण रात्री दादाच्या हातात दहाची नोट ठेवली. "रोलला."

पंचाण्णव आणि दहा, एकशे पाच. कॅमेरा साठच्या आत बसला. चामड्याच्या केसचे पैसे वेगळे होते, ते वाचवले. आईने जुन्या खादीच्या झोळीची नाडीवाली पिशवी शिवली, आतून फलालीनचं अस्तर. दोन रोल घेतले, पूर्व जर्मनीचे ऑर्वो. उटीच्या सरकारी कारखान्याचा इंदू रोलही होता, पण काका म्हणाले आधी एकच जात हाताला बसू दे. उरलेले पैसे काकांकडे आगाऊ जमा केले, दोन रोल धुऊन छापायचे म्हणून. मंडळी, त्या भेटीतला सगळ्यात शहाणा भाग तो होता. नाहीतर माईआत्याने रोल भरला असता आणि धुवायचे पैसे कोणाकडे मागायचे म्हणून वर्षभर तसाच ठेवला असता. ती तशीच होती.

निवृत्तीच्या दिवशी शाळेतून शाल-नारळ घेऊन आली, तेव्हा आम्ही पिशवी तिच्या हातात दिली. उघडून बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, हे कशाला? एवढ्यात पोरीला साडी आली असती." संध्याकाळी मात्र ओट्यावर बसून, चष्मा कपाळावर चढवून, माहितीचा कागद शब्दन्‌शब्द वाचला. मास्तरीण ती.

पहिला रोल वाया गेला. बारा झाले म्हणून तिने भर दुपारी ओट्यावर उन्हात झाकण उघडलं आणि रोल हातात सैल धरला. कडेने उजेड शिरला. काकांनी धुऊन दिला तेव्हा चारच फोटोंत काही दिसत होतं. नाना म्हणाले, "मी म्हणत होतो." माईआत्या काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वही आणली, शंभर पानी, आणि पहिल्या पानावर लिहिलं: "रोल 1. बारापैकी आठ गेले. दोष माझा. सावलीत काढणे, घट्ट गुंडाळणे, चिकटपट्टी लगेच लावणे."

आम्हाला वाटलं होतं ती कमाटी बागेत, सुरसागरवर, गणपतीत फोटो काढेल. तिने दुसऱ्या रोलपासून वेगळंच सुरू केलं. ती म्हाताऱ्या बायकांचे फोटो काढायला लागली. आमच्या वाड्यातल्या, पलीकडच्या पोळीतल्या, शाळेच्या शिपायाची आई, आमच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईंची सासू. दक्षिणी, गुजराती, कोणी असो. अट एकच, त्या बाईचा आधीचा फोटो नसावा. एका बाईचा एकच फोटो. बारा फोटोंचा रोल म्हणजे बारा बायका. वहीत प्रत्येकीपुढे लिहायची: नाव, माहेरचं नाव, मूळ गाव, बडोद्याला कधी आल्या, वय अंदाजे. फोटो छापून आला की एक प्रत त्या घरी नेऊन द्यायची. ज्यांना जमेल त्यांनी प्रतीचे पैसे दिले, बाकीचे पेन्शनीतून. महिन्याला एक रोलसुद्धा परवडायचा नाही. हिशेब मी पाहिलाय: चार रोल घेणं, धुणं, छापणं म्हणजे जवळजवळ एका कॅमेऱ्याची किंमत. काकांनी खरंच सांगितलं होतं.

मी तिच्याबरोबर पिशवी धरायला जायची. 1979 च्या दिवाळीनंतरची गोष्ट. पोळीच्या टोकाला एक आजी राहायच्या, ऐंशीच्या पुढच्या, रत्नागिरीकडून लग्न होऊन आलेल्या. माईआत्याने विचारलं तशा त्या म्हणाल्या, "नको गं बाई. फोटोने आयुष्य घटतं." मी मनात म्हटलं, झालं, आमच्या आजीचीच दुसरी आवृत्ती. माईआत्या जरा थांबली, मग हळूच म्हणाली, "आजी, पैसे पडत नाहीत हं."

आजी दोन क्षण बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पडत नाहीत?" आणि उठून आत गेल्या. धुतलेलं लुगडं नेसून, पदर सारखा करून, बाहेर येऊन खुर्चीवर ताठ बसल्या. "काढ."

परत येताना मी माईआत्याला विचारलं, "तुला कसं कळलं?" ती चालता चालता म्हणाली ते असं:

"आईलाही असंच म्हणताना ऐकलं होतं. बाबांना महिन्याचे पंचवीस रुपये. स्टुडिओतला फोटो तेव्हा चार रुपयांना. माझ्या मावशीने एकदा म्हटलं, चल गं, दोघी बहिणी एकत्र काढू. आई म्हणाली, नको बाई, भीती वाटते, आयुष्य घटतं. मावशी गेल्यावर डब्यातले पैसे मोजत बसली होती. मी बघितलं. तिला भीती नव्हती. पण चार रुपये नाहीत असं बहिणीला कसं सांगायचं? भीती वाटते म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही."

"मग नानांना का नाही सांगितलंस?"

"दहा वर्षांचा होता तो. आपली आई घाबरट होती असं वाटलेलं बरं, की आपल्याकडे पैसे नव्हते हे? मला वाटलं पहिलं बरं. आता वाटतं, चुकलं माझं."

मंडळी, मी काही इतिहासकार नाही. बडोद्यात कॅमेऱ्याची भीती नव्हती असं मी म्हणणार नाही. फाळक्यांचा धंदा बसला तो उगाच नाही. पण आपल्या घरांत "जुन्या बायकांना फोटोची भीती वाटायची" हे जे आपण सरसकट सांगतो ना, त्यातला काही भाग भीतीचा आणि काही भाग चार रुपयांचा, हे मला त्या दिवशी कळलं. फाळक्यांना 1912 साली लंडनला जाऊन सिनेमाचा कॅमेरा आणायचा होता, तर विम्याच्या पॉलिसीवर 10,000 रुपये उचलावे लागले. त्यांची तंगी इतिहासात नोंदली गेली, कारण पुढे सिनेमा झाला. आमच्या आजीची तंगी भोळसटपणा म्हणून नोंदली गेली, तीही आमच्याच घरात, आमच्याच तोंडी. शंभर रुपयांचा कॅमेरा आला नसता तर ती तशीच राहिली असती.

त्या रात्री मी नानांना सांगितलं. माईआत्याची परवानगी न घेता. नाना पेपर वाचत होते, वाचत राहिले. पण पुढच्या महिन्यापासून पगाराच्या दिवशी ते स्वतः रावपुऱ्यात जाऊन एक रोल आणायला लागले. तो माईआत्याच्या देव्हाऱ्याजवळच्या कोनाड्यात ठेवायचे. त्यावर कधी बोलणं झालं नाही.

1986 पर्यंत हे चाललं. वहीत 31 रोल नोंदले आहेत. हिशेबाने 372 फोटो व्हायला हवेत. वाया गेलेले सोडून 329 बायका आहेत. मग तिचे हात थरथरायला लागले. क्लिकचा खटका संथ, हात हलला की चेहरा हलतो. तोपर्यंत बाजारात रंगीत रोल आणि नवे छोटे कॅमेरे आले होते. ती म्हणाली, "पुरे. आता घराघरात होतील." माईआत्या 1996 साली गेली.

तिचा स्वतःचा फोटो? स्टुडिओतला एकही नाही. नानांनी दोनदा आग्रह केला, तिने टाळला. एकच आहे, मी क्लिकवर काढलेला, 1978 सालचा, ओट्यावर तांदूळ निवडताना. मला तिचा चेहरा मोठा हवा होता म्हणून मी दोन पावलांवर गेले. चार-पाच पावलांचा नियम मोडला. त्यामुळे मागचा दरवाजा स्वच्छ आला आहे, कडी-कोयंडासुद्धा दिसतो, आणि माईआत्या थोडी अंधुक. तोच मोठा करून भिंतीवर लावलाय. बघायला आलेले म्हणतात, नीट नाही आला. मी म्हणते, अंतर चुकलं माझं.

पुतणीला मी काय सांगितलं, ते लिहून थांबते. मॉडेल मला विचारू नकोस, म्हटलं, ते तुला जास्त कळतं. पण बाबांचे हात बघ, आता थरथरतात, तेव्हा हात हलला तरी फोटो स्थिर येईल असाच बघ. बटणं मोठी असू देत, खुणा वाचता येऊ देत. जुना घेतलास तर त्याची बॅटरी आणि कार्ड आजही बाजारात मिळतंय का, हे आधी विचार. शुक्रवारीतले पाच रुपये विसरू नकोस. आणि पंधरा हजारांतले दोन हजार बाजूला ठेव, छापण्यासाठी. आता रोल नाही, पण न छापलेला फोटो मोबाईल बिघडला की जातो. ती म्हणाली, "आणि आत्या, बाबा कशाचे फोटो काढतील?" मी म्हटलं, ते त्यांच्यावर सोड. आम्हीही सोडलं होतं.

ती वही आणि निगेटिव्ह माझ्याकडे आहेत. हळूहळू स्कॅन करून घेतेय. दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी या भागात 1977 ते 1986 मध्ये तुमची आजी किंवा पणजी राहत असेल आणि तिचा एक चौकोनी, काळापांढरा, खुर्चीवर ताठ बसलेला फोटो घरात असेल, तर मागची बाजू पाहा. माईआत्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा घालायची, पेनची शाई पुढे उतरते म्हणून. तो आकडा मला कळवा. वहीत बघून मी तुम्हाला तुमच्या पणजीचं माहेरचं नाव सांगेन. पुष्कळ घरांत तेही कोणाला ठाऊक नसतं.